रंग पळाला

रंग पळाला, असं कळवलंय गिऱ्हाइकानं
चारशे डझन टॉवेलांबद्दल.
आणि टॉवेल म्हणे 'वेन्ट स्टिफ'.
मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गरम वारा फेकणाऱ्या पंख्याखाली
डिक्शनरी उघडून बसलेय :
गेले, तर कुठं गेले?

कट्टीमनी सर शिकवायचे साखर पेठेत,
पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, संध्याकाळी सात ते आठ.
सगळीकडे 'बिकम' चिकटवू नका, म्हणायचे.
दूध टर्न होतं. म्हातारपणाला ग्रो.
झोपेत फॉल, प्रेमात फॉल, आजारातही फॉलच.
बिघडायला निघालं की गो :
गो बॅड, गो ब्लाइंड, गो बँकरप्ट.
स्वप्नाला तेवढं कम.
खालची गिरणी थांबली एकदा, वीज गेली म्हणून,
तर अंधारातच म्हणाले, फेल सायलेंट.
लिहून घ्या.

अंधारात काय लिहिणार.
पण मनात आलं, आपल्याकडंही पडतंच की.
आजारी पडतं, महाग पडतं,
मिल बंद पडली
आणि नायना घरात पडून राहिले
दोन उन्हाळे.

आणि जाणं वाईटच असतं असं नाही, सर.
शेजारच्या सुगुणाला दिवस गेले
तर सासूनं गल्लीभर पेढे वाटले.
सर हसले. म्हणाले, ह्याचं इंग्रजी करू नका.

परत आलेला एक टॉवेल मी घरी नेला.
नायनांनी बोट ओलं करून घासलं,
बोटाकडं पाहिलं, मग खिडकीशी जाऊन पुन्हा घासलं.
तीस वर्षं रंगखात्यात.
हौदातून सूत वर येतं तेव्हा पिवळट हिरवं असतं, म्हणाले,
तेव्हा हात लावायचा नाही.
वारा लागू द्यायचा.
निळं आपल्या पायानं येतं.
ह्याला थांबलंच नाही कुणी.
टॉवेल घडी करून त्यांनी मांडीवर ठेवला,
आजारी पोर ठेवावं तसा.

आज उत्तर लिहायला घेतलं.
डिअर सर, द कलर डिड नॉट रन.
पुढं बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मग लिहिलं : इट हॅड नॉट कम.

चुकलंय, माहीत आहे.
पाठवलं.