पावतीबुक

क्रशर बंद पडला तेव्हा मालकाने दोन पगार बुडवले,
पण पावतीबुकं न्यायला विसरला.
सतरा बुकं, कार्बनसकट.
मी मुनशी होतो तिथे. बारा वर्षं
गाडी नंबर, माल, ब्रास, वेळ, सही.
डोंगर माझ्या अक्षरात खाली उतरला.
आता तो पाथर्डी फाट्याला नऊ मजले उभा आहे,
बाल्कनीत कुंड्या घेऊन.

मागे राहिला ओहोळ.
म्हसओहोळ म्हणायचे, म्हशी डुंबायच्या म्हणून.
आमच्या देखत त्याचं पाणी
आधी ताकासारखं झालं, मग सिमेंटसारखं;
पायावर वाळलं की पापुद्रे सुटायचे.
म्हशी काठाशी यायच्या, हुंगायच्या, वळायच्या.
माणसांनी नाव तेवढं चालू ठेवलं.

भिवराबाई धोत्रेचा नवरा सुरुंग भरायचा,
छातीत भुकटी घेऊन गेला.
एका अमावस्येला (क्रशरची सुट्टी असायची,
ती सवय अजून अंगात) ती एकटीच
घमेलं घेऊन ओहोळात उतरली.
कुणाला बोलावलं नाही.
हौशीराम लचके काठावरून म्हणाला, काय हरवलं?
ती म्हणाली, तळ.

मग येत गेले.
लचक्यांचे दोघे, पोल्ट्रीवाला युनूस,
डगळेबाई आणि त्यांची अख्खी सातवी.
माझी पाठ गेलेली, फावडं धरवत नाही.
मी पावतीबुक आणलं.
गाडी नंबर: घमेलं.
माल: कच.
सही: भिवराबाईचा अंगठा,
कार्बनखाली त्याची निळी सावली.
लोक हसले. मीही.
पण आकडा लिहिल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही,
हा माझा जुना आजार.

पहिल्या वर्षी चार हजार दोनशे सहा घमेली.
आषाढात एका रात्री वरचा ढिगारा सुटला
आणि सकाळी ओहोळ
होता तिथे, होता तसा.
कुणी कुणाशी बोललं नाही.
युनूस घमेलं उपडं घालून त्यावर बसला, बिडी ओढली.
मी बुक उघडून पाहिलं.
पावतीत 'परत आला' असा रकाना नसतो.

भिवराबाई म्हणाली,
म्हैस आपण शेपटीकडून धुतोय.

म्हणून दुसऱ्या साली वरून सुरुवात,
डोंगराच्या कापल्या अंगापासून.
ज्यांनी दगड फोडले त्यांनीच रचले,
चुना नाही, सिमेंट नाही,
पाणी दमून खाली बसेल असे आडवे.
मधल्या फटींत वाळा लावला.
ज्या पोराचं रोप वाळलं ते रडलं,
डगळेबाईंनी त्याच्याच हातात दोन दिली.

सातवीतली कल्याणी दर महिन्याला
दोरीने स्टीलची ताटली सोडते डोहात.
दिसेनाशी झाली की दोरीला गाठ.
पहिली गाठ करंगळीएवढ्या खोलीवर,
आताची तिच्या कोपरापाशी.
हे तिने सांगितलं, मी लिहून घेतलं.

पाणी पिण्याजोगं नाही.
खाणीचा खड्डा तसाच आहे, हिरवागार, मुका.
मालकाचा वकील पत्राला उत्तर देत नाही.
आणि माझ्या खोकल्यात रात्री
अजून थोडा डोंगर असतो.

पण परवा हौशीरामने बांधाचा दगड सारखा करायला
हात घातला आणि ओरडला.
खेकडा. आंगठ्याएवढा, मळकट, भांडखोर.
हौशीराम शिव्या देत होता आणि
रक्ताळलं बोट उभं धरून सगळ्यांना दाखवत होता,
मत देऊन आल्यासारखा.

सतरावं बुक. पाच पावत्या उरल्यात.
गाडी नंबर: आडवी रेघ.
माल: खेकडा.
वेळ: सकाळचे साडेसात.
ब्रासच्या रकान्यावर पेन थांबलं.
बारा वर्षांत तो मी कधी रिकामा सोडला नव्हता.
भिवराबाईने खालून विचारलं, किती झालं रे?
म्हटलं, थांब,
मोजतोय.