आक्षेप कायम

महालेखाकार कार्यालयात बत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या हिशेबातली चूक शोधली.
आता हा एक कागद माझ्याच नावाचा,
कंपूच्या लॅबमधून आलेला, प्रिंटरची ऊब अजून अंगावर:
एलडीएल एकशे बहात्तर.
आकड्याशेजारी बाण, तोंड वर केलेला.

भदौरियाजी गच्चीवरून ओरडले,
"अरे साहब, हमारे दादाजी कटोरी से घी पीते थे,
सत्तानवे तक जिए!"
त्यांचे काका एकावन्नाव्या वर्षी गेले,
त्यांच्या वाट्याला कुठली कटोरी आली होती
ते मी विचारलं नाही.

शरयू म्हणते, तूप बंद, करडई आणा.
तिची बहीण बडोद्याहून फोनवर:
करडई कसली, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल.
मला आठवतं, याच स्वयंपाकघरात
हलकं असतं म्हणून
वनस्पती तुपाचा पिवळा डबा आला होता, दोघींच्याच एकमतानं.
पुढं तो गुन्हेगार ठरला.
आता त्यात तुळस आहे.

अंड्याचं विचारूच नका.
बलक माझ्या देखत तीनदा निलंबित झाला
आणि तीनदा परत कामावर घेतला गेला,
थकलेल्या पगारासकट.

गोळी एवढीशी, मसुराच्या डाळीइतकी.
भाचा म्हणतो, मामा, नका घेऊ, पोटऱ्या दुखतात.
अरे, गोळीचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हासुद्धा
किल्ल्याचा उरवाईकडचा चढ
तीन दिवस माझ्या पोटऱ्यांत मुक्कामाला असायचा.
आणि पौषात नया बाजारातून गजक येते,
तिळातलं तेल म्हणे चांगलं, गूळ म्हणे वाईट,
दोघं एकाच घासात, हसत.

डॉक्टर कुशवाह बाईंनी कागद बाजूला सारला.
वडील कशानं गेले, म्हणाल्या.

महिनाभर सगळे तेलाबद्दल बोलत होते.
वडिलांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी म्हणालो.
दाल बाजारात, तराजूसमोर,
मुठीत बाजरीचा नमुना होता.
मूठ उघडायला तिघे लागले.

बाई थोडा वेळ काही लिहीत नव्हत्या.
मग म्हणाल्या, तुमच्यासारखे शंभर जण घेतले,
सगळ्यांना गोळी दिली,
तर काही जणांचा झटका टळेल.
काहींना तरीही येईल.
बऱ्याच जणांना तो येणारच नव्हता.
तुम्ही यांतले कुठले, ते मला माहीत नाही.
पण वडिलांचं ऐकल्यावर मी घ्या म्हणेन.
पाय दुखले तर मनानं बंद करू नका, मला येऊन सांगा.
तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

बत्तीस वर्षांत एकाही खात्यानं मला
'माहीत नाही' असं उत्तर दिलं नव्हतं.
पावत्या गहाळ, उंदरांनी खाल्ल्या, पुरात गेल्या,
पण माहीत सगळं असायचं.

परतताना टेम्पोत मनाशी पडताळत बसलो.
दादाजींची पावती एक, आणि तीही फक्त जगलेल्याची.
भाच्याकडे पावतीच नाही, ऐकीव.
बाईंकडे शंभर, त्यात माझं नाव कुठंच लिहिलेलं नाही.
शरयूची नुसती काळजी.
ती कुठल्या शीर्षाखाली टाकायची
हे आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं.

रात्री साडेनऊला घेतली.
पाणी कोमट, घशात काही अडकलं नाही.
आमच्याकडे असाच शेरा मारायचे:
आक्षेप कायम, रक्कम मंजूर.

मी एकसष्ट. वडिलांपेक्षा तीन वर्षांनी थोरला.
अण्णा, बाजरी खाली ठेवा, जरा बसा,
एवढं तरी सांगायचा हक्क आता मला आहे.

शरयूनं बशीत चतकोर गजक ठेवली होती,
काही न बोलता.
तिची नोंद कुठंच केली नाही.