दखलपात्र

रेडिच. रात्रीचे साडेअकरा, हीटर बंद.
ज्ञानकोशाच्या दारात दोन कंपन्या,
निकाल माझ्याकडे.

पहिली लंडनची, तीन वर्षांची.
काय बनवते ते चारदा वाचूनही कळलं नाही.
संदर्भ एकवीस,
सगळ्यांत तेच वाक्य, तोच चुकलेला स्वल्पविराम.
आपल्याच लग्नात आपणच सनई फुंकावी तसं.
उडवली.

दुसरी प्रॉसर अँड टिबिट्स, सुयांचा कारखाना.
इथून दोन बसथांबे. आता तिथे कार्पेटचं गोदाम.
एकशे चार वर्षं चालला; संदर्भ दीड.
एक आगीची बातमी,
आणि कुणा एडिथच्या मृत्युलेखातलं अर्धं वाक्य:
शिडं शिवायच्या सुया घासायची, बोटं शेवटपर्यंत काळी.

नियम स्पष्ट आहे. तिऱ्हाइतानं लिहिलेलं हवं, सविस्तर.
सुईबद्दल सविस्तर कोण लिहितं?
ती टाका घालते नि कापडापलीकडे निघून जाते.

आमच्याकडे दखलपात्र म्हणतात गुन्ह्याला.
यांनी तेवढंही केलं नाही.

शेजारच्या डोरीननं दिलेली पुडी ड्रॉवरमध्ये आहे,
नाव छापलेली, पंचवीसपैकी एकोणीस शिल्लक.
हा पुरावा चालत नाही.

'वगळावे' लिहिलं.
खोडलं.
सात दिवसांची मुदत मागितली.
ग्रंथालय उद्या दहाला उघडतं.