उजवी बाजू चार बोटं लांब

पणजीत, सांतिनेजच्या एका बेकरीवर
इदालिनाची दोन खुर्च्यांची खोली.
खालून पोयांचा वास येतो, वरून ड्रायरची ऊब,
आणि मधे मी, गळ्याशी काळं कापड बांधून,
ओल्या केसांनी बसलेली,
निकालाची वाट बघावी तशी.

मी एका दैनिकात मुद्रितशोधक आहे.
वीस वर्षं ओळींच्या दोन्ही कडा
सरळ आहेत की नाहीत हे बघून पगार घेते.
भांगही तसाच: मधोमध.
केस दोन्हीकडे सारखे, खांद्याखाली वीतभर,
रबरात कोंबलेले,
शोकसंदेशाच्या चौकटीसारखे.

मोबाइलमध्ये एक चित्र नेलं होतं.
इदालिनाने ते पाहिलंच नाही.
नारळ वाजवून बघावा तशी टाळू चाचपली
आणि म्हणाली, "दोन भोंवरे गो तुका!"

दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, आत्या म्हणायची.
एकही धड झालं नाही, ते सोडा.
पण डावा भोवरा केस पुढे ढकलतो,
उजवा मागे ओढतो,
आणि इतकी वर्षं मी
मधे उभी राहून दोघांची भांडणं मिटवत होते
हे मला कळलं त्रेचाळिसाव्या वर्षी,
एका परक्या बाईच्या कंगव्यातून.

"मग झगडूंक दी तांकां," ती म्हणाली.

भांग डावीकडे सरकला.
डावी बाजू जबड्याच्या हाडापाशी संपली,
उजवी गळ्याच्या हाडावर टेकली.
चार बोटांचा फरक.
दोन बोटं म्हणजे भित्रेपणा, तिचं मत,
आणि सहा बोटं म्हणजे नाटक.
मागे, मानेवरून, एक तिरकी उतरंड,
भरतीच्या वेळी चोडणच्या धक्क्याची असते तशी,
जिथे पाणी नेमकं कुठे सुरू झालं ते समजत नाही.

आणि बोटभर जास्तच ठेवले.
"इथली हवा अशी," ती म्हणाली,
"सुकले की वर चढतात.
ओल्या केसांवर विश्वास ठेवू नये."

मग शिकवणी.
गोल ब्रश फक्त लांब बाजूला, आत वळवून.
आखूड बाजू नुसत्या बोटांनी, डोकं खाली घालून.
वाटाण्याएवढी क्रीम, टोकांना. मुळांना लावलीस
तर खोबरेल थापल्यासारखी दिसशील.
हेल्मेट काढलंस की लगेच आरशात बघू नकोस,
आधी बोटं फिरव, मग बघ.
कुठे जायचं असेल तर डावी बाजू कानामागे,
कुडी दिसू दे.
चवथीला लांब बाजू पिळून मागे आण,
दोन पिना फुलीसारख्या,
आबोलीचा वळेसर बरोबर मावतो.
मी विचारलं, मावेल ना नक्की?
तिने स्वतःचा कंगवा खोचून दाखवला, मावला.
दर सहा आठवड्यांनी ये.
नाही आलीस तर केस आकार विसरतील,
मग कुणाला माझं नाव सांगू नकोस.

फेरीत वारा उजवीकडून होता.
लांब बाजू सारखी तोंडात जात होती,
आखूड बाजू हूं की चूं नाही.
रिकाम्या टोपलीवर बसलेली मासळीवाली
माझ्याकडे एकदा या अंगाने बघून घेत होती,
एकदा त्या अंगाने,
दोन बायका बसल्यात असं समजून की काय.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिरोडकरांनी चष्मा वर केला:
"एक बाजू राहिली वाटतं?"

माझ्यासमोर पान सातचं प्रूफ होतं.
कुणी चूक दाखवली की माझा हात
आपसूक तांबड्या शाईकडे जातो, सवय.
पेनाचं टोपण मानेमागे नेलं,
उतरंडीवरून फिरवलं.
तिथे पंख्याचा वारा लागत होता,
या कचेरीत पहिल्यांदाच.
"नाही," म्हटलं, "तशीच आहे ती."

पान सातवर एक कविता होती.
तिच्या ओबडधोबड उजव्या कडेला
कुणीतरी 'सरळ करा' अशी खूण केली होती.
खुणेखाली मी लिहिलं: जैसे थे.
लिहिताना लांब बाजू पुढे आली
आणि तिच्या टोकाला थोडी
तांबडी शाई लागली.