पाचव्या जागेवरचं शून्य

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी फाइल येते.
देशभरातल्या शाखा एकाखाली एक,
पावणेदोन लाख ओळी,
आणि मी सीताबर्डीच्या तिसऱ्या मजल्यावर
कूलरच्या टाकीत पाणी आहे का ते बघून
कामाला बसते.

कोड अकरा जागांचा.
पहिल्या चार बँकेच्या, शेवटच्या सहा शाखेच्या,
मधे पाचव्या जागी नेहमी शून्य.
"हे कशाला?" पहिल्याच दिवशी मी विचारलं.
"पुढंमागं लागलं तर," रेवाराम तिरपुडे म्हणाले,
"राखून ठेवलंय."
आणि सुपारीचं खांड दुसऱ्या गालात सरकवलं.

त्या शून्याच्या जागी कोणीतरी ओ टाइप करतं.
दिसायला तसाच, गोल.
पैसे मात्र अर्ध्या वाटेवरून परत येतात,
चुकीच्या दारावर थाप दिल्यासारखे.
शून्य आणि ओ यांतला फरक ओळखायचा
मला पगार मिळतो,
ज्या शहरात अंतरं मोजायलाही
एक शून्याचा दगड रोवलाय, तिथे.

आधी कच्च्या टेबलात उतरवायचं.
पक्क्यात मग.
तिरपुडे याला कच्ची वही, पक्की वही म्हणायचे;
त्यांच्या आधीचे लोकही तेच म्हणत असणार,
तेव्हा शाई सांडायची, आता
पिनकोडच्या रकान्यात फोन नंबर सांडतो.

एकट्या इतवारीची पाच रूपं आलीत.
एकीत डब्ल्यू, एकीत व्ही,
एकीला शेवटी दोन ई,
एकीच्या आधी तीन रिकाम्या जागा,
जणू बोलण्याआधी घसा खाकरलाय.
पाचवीत नुसतंच "नागपूर सिटी".
आता सांगा, कुठे जायचं रिक्षानं?

मग वजाबाकी.
मागच्या महिन्यात होत्या, या महिन्यात नाहीत:
एकशे बारा.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द, विलीन.
तो मी आधी फक्त निधनवार्तांमध्ये वाचला होता.

पहिल्या वर्षी मी अशा ओळी पुसून टाकल्या.
एका कमांडमध्ये, जेवणाच्या सुट्टीआधी.
दुपारी तीन वर्षांच्या पावत्या
कोणत्या शाखेच्या, हे सांगायला कोणी उरलं नाही.
तिरपुडे ओरडले नाहीत.
रात्री साडेनऊपर्यंत शेजारी बसून
जुन्या प्रिंटवरून एकेक कोड वाचत राहिले.
जाताना एवढंच,
"ओळ पुसायची नसते बाई. तारीख लावायची.
इथवर होती, असं लिहायचं."

त्या एकशे बारांत गांधीबागेची एक.
बुधवारी मधुमतीबाई निखारे जिना चढून आल्या.
हातमागाचं निवृत्तिवेतन, बाराशे रुपये,
दोनदा परत गेलेलं.
"बँक तं तिथंच हाय.
शटर तेच, वॉचमन तोच.
मंग माहे पैसे वापस काहून गेले?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
उगाच वळवली.
तिच्यावर हिरव्या ओळी होत्या,
आणि त्या बघत होत्या माझ्या कपाळाकडे.
"बोर्ड बदलला, आजी. बोर्डाबरोबर कोडही बदलला."
"मले कोनं सांगतलं नाही."
हे खरं होतं.
आम्हालाही फाइलनं सांगितलं,
तेही अठरा दिवस उशिरा.

पिशवीतून त्यांनी पासबुक काढलं,
पिशवीच्या आत पिशवी, तिच्या आत पासबुक.
पहिल्या पानावर जुना कोड,
वर निळ्या शाईत नवऱ्याची सही,
न थांबता केलेली, माग चालवणाऱ्या हाताची.
"हे ठेवू का फेकू आता?"

मी नवा कोड कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला.
शून्याच्या पोटातून एक तिरपी रेघ मारली,
कुणी ओ वाचू नये म्हणून.
"ठेवा," म्हटलं.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी लोड संपलं.
पावणेदोन लाखांतली एक ओळ तेवढी नाकारली गेली:
शाखेचं नाव रिकामं, पत्त्यात
"पिंपळाच्या झाडाजवळ" एवढंच.
कोणतं गाव, जिल्हा, काही नाही.
ती मी कच्च्यातच ठेवलीय.
उद्या फोन करून बघेन,
पण कोणाला, ते ठरत नाही.