खालचं कापड

उदगीरला, चौबाऱ्याच्या मागं,
जुन्या कपड्यांचा गठ्ठा सुटला:
परदेशी जाकिटं, कुणाच्या तरी शाळेचे स्वेटर,
आणि तळाशी दीड वितीचा एक चौकोन.
लाल, काळा, केशरी.
मध्ये पक्षी. की मासा.
की नुसतीच फिरून फिरून तिथंच येणारी वाट.

शमशाद म्हणाली, "काय बघूलालीस गं एवढं?
पाच रुपये दे अन् ने."

दुकानात येऊन मशीन थांबवलं,
लाईट तशीही गेलेलीच.
शिवणारी बाई कापड उलटं करून वाचते,
सुलटी बाजू गिऱ्हाइकाची.

टाके भलत्याच अंगाला कललेले:
बाई डावखुरी.
मानेपर्यंत काळा दोरा, तिथून पुढं निळा.
रीळ संपलं असणार, दुकान लांब असणार,
किंवा पैसे.
चोचीपाशी टाके एकदम दाट.
शेजारी बसून कुणी काही सांगत होतं,
ती ऐकत होती, मान वर न करता.

मी वीस वर्षं लावतच आले,
अस्तर, ठिगळ, फॉल, लेस,
कापडावर कापड.
हिनं वरून काही लावलंच नाही.
तीन कापडं एकावर एक टाचली,
वरचं कापलं, कड आत मुडपली,
आणि खालचं वर येऊन बसलं.

आमच्या आवारात बोअर घेतली,
त्या रात्री अशीच बघत उभी होते.
काळी माती, तांबडा मुरूम,
मग खडकाचं राखाडी पीठ,
साडेतीनशे फुटांनंतरही पीठच.

ट्रंकेतून ओटीतले ब्लाउजपीस काढले,
मला आलेले, मी पुढं द्यायचे राहिलेले.
हिरवा, पिवळा, आणि तो एक
ज्याचा रंग कुणालाच नको असतो.
एकावर एक ठेवले, मांडीवरच.
कात्री लावली.
पहिल्याच कापाला तिन्ही आरपार.
भोकातून चौथा रंग दिसला:
माझ्याच साडीचा जांभळा,
गुडघ्यावर विटलेला.

रुबियाचं सूत सुटत होतं.
चिमटीत धरून कड मुडपली,
सुई डाव्या हातात घेऊन पाहिली,
टोचली, परत उजव्यात घेतली.

दारात कुणीतरी आलं. फॉल-पिको.
"बसा," म्हणाले,
मान वर न करता.