पलंग

आमच्या लिडो गावात फळीला पलंग म्हणतात.
निजायचा नव्हे,
पण सुरुवात निजूनच होते:
पालथी पड, हनुवटी उचल,
दोन्ही हातांनी पाणी मागे ओढ.
हे शिकवतो माझा भाचा आम्ब्रोस, वय वर्षं अकरा,
गुडघे खरचटलेले, गालात उसाचं कांडं.
माझं वय मी त्याला सांगितलेलं नाही.

हा पलंग बाबांच्या होडीचा.
ती खडकावर फुटली तेव्हा आईने
तिची एक बाजू चुलीत जाऊ दिली नाही.
सहा वर्षं घराखाली, खांबांच्या मध्ये,
डुकरं अंग घासायची तिला.
आम्ब्रोसने कोयत्याने तासली, फुटक्या काचेने खरवडली.
कडेला बाबांनी कोरलेला मासा अर्धा उरलाय.
शेपूट गेलं. डोळा आहे.

याच होडीत मी समुद्राचा पहिला नियम शिकले:
उभं राहायचं नाही.
मासा गळाला असो, आभाळ फाटो,
बूड टेकलेलं पाहिजे.
एकदाच उठले होते, डॉल्फिन बघायला.
पोटरीवर बसलेला वल्ह्याचा तो फटका
अजून हवा बदलली की जागा होतो.
आणि आता हे पोर वाळूतून ओरडतंय,
"ऊठ आत्या! ऊठ ना!"

पहिल्या दिवशी सोळा वेळा पडले.
मग मोजणं सोडलं.
नाकात मीठ, कानात मीठ, पापण्यांच्या आतसुद्धा.
गुडघा टेकवला की पलंग बिथरतो
धरलेल्या डुकरासारखा.
पायांकडे पाहिलं तर संपलंच,
बाई कुठे बघतेय ते लाटेला कळतं.

कपाळावर पट्टा, पाठीवर बिलूम,
त्यात रताळी, रताळ्यांवर लाकडं, लाकडांवर झोपलेली लेक,
एवढं घेऊन मी चिखलातली टेकडी उतरते,
तोल कधी हलला नाही.
मग इथे, रिकाम्या पाठीने, का?
"तुला ओझ्याची सवय आहे," आम्ब्रोस म्हणाला
आणि ऊस थुंकला.
त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मंगळवारी लाट आली.
मोठी नव्हती.
घरातल्याच कुणीतरी दारातून पुढे ढकलावं
तशी मागून लागली,
आणि माझे हात फळीवर नव्हते.

पायाखालची जमीन सरकली, म्हणतात लोक,
वाईट झालं की.
सरकू दे.
सरकत होती म्हणून तर उभी होते.

किती वेळ? नारळ देठापासून सुटून
खाली पडेपर्यंत. त्याहून थोडा कमी.
गाव मी समुद्रातून हजारदा पाहिलंय, पण बसून.
उभ्याने पाहिलं तर
चर्चच्या पत्र्याच्या वर
आईच्या थडग्यावरची लाल क्रोटनं दिसतात.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ती बघत राहिले, आणि पडले.

संध्याकाळी साबूची खळ ढवळत होते.
नवरा म्हणाला, एवढे पाय फाकून का उभी?
म्हटलं, फळ्या हलतायत.
त्याने कंदील घेतला,
जिना उतरला,
आणि घराचे सगळे खांब
एकेक हलवून पाहिले.